‘हे अंशतः खरे आहे’ : विरोधकांची टीका ऐकायची कशी?

ज्यांना वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क नेमकं बोगद्यात जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलता बोलता विषय इकडेतिकडे जातो, तेवढं छाटलंय. बाकी जसंच्या तसं.

सुरुवात आमच्या आजीपासून करते.

गेल्या हिवाळ्यात आजीला घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेले होते. केसपेपर काढला, दीड तास रांगेत बसलो. डॉक्टर चांगल्या होत्या, नीट तपासलं, चार औषधं लिहून दिली. खिडकीवर दोन मिळाली. उरलेल्या दोनसाठी एक छोटी चिठ्ठी आणि दोन शब्द : “बाहेरून आणा.” बाहेर म्हणजे समोरच्या मेडिकलमधून. बिल झालं सहाशे चाळीस रुपये. आजीने पिशवीतली चुरगळलेली नोट काढली, तेव्हा मला काय वाटलं ते माईकवर नीट सांगता येणार नाही.

त्याच रात्री फोन उघडला तर पहिलंच रील विरोधी पक्षाच्या एका नेत्याचं. मागे घोषणा आणि पुढे ठरलेलं वाक्य, “राज्याची आरोग्य व्यवस्था व्हेंटिलेटरवर आहे!” बोट सरकवलं तर सत्ताधारी प्रवक्ते. त्यांचंही ठरलेलं वाक्य, “तुमच्या काळात काय दिवे लावलेत?” आजी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, “दोघं बी खरंच बोलत्यात की गं. मग गोळ्या का नव्हत्या?”

आजचा अख्खा भाग म्हणजे आजीच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. दवाखाना, एसटी, सरकारी भरती यांवरून विरोधक सरकारला धारेवर धरतात तेव्हा त्यातलं नेमकं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं?

पायऱ्यांवरची टीका आणि सभागृहातली टीका

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात. विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात आणि त्याच वेळी पत्रकार परिषद घेतात. सत्तेत कोणीही असो, हा कार्यक्रम जवळपास ठरलेला. दुसऱ्या दिवशी विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक, घोषणा, कधी गळ्यात कांद्याची माळ, कधी कापसाची. कॅमेरे तिथेच असतात, त्यामुळे आपल्या फोनवर येते ती मुख्यतः पायऱ्यांवरची टीका.

माझा त्याला विरोध नाही. गाजावाजा झाल्याशिवाय कोणी वळून बघत नाही हे खरंच आहे. पण पायऱ्यांवरच्या घोषणेला उत्तर देणं सरकारला बंधनकारक नसतं. सभागृहातल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते कागदावर राहतं. फरक इथे आहे.

सभागृहात विरोधकांच्या हातात बरीच हत्यारं असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. अचानक काही घडलं तर लक्षवेधी सूचना असते. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. आणि अधिवेशनाच्या शेवटी अंतिम आठवडा प्रस्ताव असतो, त्यात सरकारच्या एकूण कारभारावर बोलता येतं.

या प्रश्नोत्तरांची भाषा एकदा वाचाच, गंमत येते. आमदार विचारतात, “हे खरे आहे काय?” उत्तराचे प्रकार मोजून चार : “हे खरे आहे”, “हे खरे नाही”, “प्रश्न उद्भवत नाही” आणि माझं सगळ्यात आवडतं, “हे अंशतः खरे आहे.” कुठल्याही सरकारच्या तोंडून निघालेलं ‘अंशतः खरे आहे’ ही मोठी कमाई समजायची. कारण त्या ‘अंशतः’मध्येच सापडतं की किती पदं रिकामी आहेत, किती गाड्या बंद पडून आहेत आणि मागणी केलेली औषधं किती आली.

नांदेड : एक टीका, आणि टीका करणाऱ्याचं पुढे काय झालं

आता खरं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात बाळं होती. दुसऱ्या दिवसापर्यंत आकडा ३१ वर गेला. दीड महिन्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, ठाण्याच्या कळव्यातल्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते, आणि ठाणे म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं स्वतःचं शहर.

विरोधक तुटून पडले. औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत, सरकार फोडाफोडीत मग्न आहे, अशी टीका झाली. सरकारने औषधांची टंचाई नाकारली. खासगी रुग्णालयांतून शेवटच्या क्षणी आणलेले, आधीच गंभीर असलेले रुग्ण जास्त होते, असंही सांगण्यात आलं. सत्ताधारी गटाच्याच एका खासदाराने तिथे जाऊन अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. किती जणांनी पाहिला, आणि त्यातून एक तरी गोळी वाढली का, हा प्रश्न तुमच्यावर सोडते.

इथे दोन गोष्टी समजून घ्या, कारण रीलमध्ये त्या कधीच येत नाहीत.

पहिली गोष्ट, दवाखाना नेमका कुणाचा? महाराष्ट्रात ‘सरकारी दवाखाना’ नावाचं एकच खातं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही साखळी सार्वजनिक आरोग्य विभागाची. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. आणि कळव्यासारखं रुग्णालय महापालिकेचं. म्हणजे नांदेडसाठी आरोग्यमंत्र्यांचा राजीनामा मागणं सोपं होतं, पण ते रुग्णालय त्यांच्या खात्यात नव्हतंच. चुकीच्या दारावर थाप मारली की आतला माणूस निवांत सांगतो, इथे कोणी राहत नाही.

दुसरी गोष्ट, औषधं कोण आणतं? २०१७ साली, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. सगळ्यांची खरेदी एकत्र केली तर भाव कमी पडेल, हा विचार वाईट नव्हता. पण मागणी, निविदा, पुरवठा या साखळीत उशीर होत राहिला. उद्धव ठाकरे यांच्या सरकारच्या काळातही खरेदी हाफकिनकडेच होती. मग २०२३ मध्ये, शिंदे सरकार असताना, औषधखरेदीसाठी वेगळं प्राधिकरण नेमायचा कायदा झाला. नांदेडची घटना घडली ती जुनी घडी मोडलेली आणि नवी नीट बसलेली नाही अशा काळात. आता सांगा, “तुमच्या काळात काय होतं?” या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? तिन्ही काळात हेच होतं.

नांदेडवर सर्वांत आधी आवाज उठवणाऱ्यांत काँग्रेसचे अशोक चव्हाण होते. रुग्णालयाला नाव त्यांच्या वडिलांचं, ते स्वतः माजी मुख्यमंत्री. ते तिथे गेले, परिस्थिती पाहिली, सरकारला जाब विचारला. पुढे चार-साडेचार महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला.

मी हे कुणाची टर उडवायला सांगत नाहीये. माणूस पक्ष बदलतो, तो त्याचा हक्क. पण टीका करणारा पलीकडे गेला म्हणून टीका खोटी ठरते का? खाटा वाढल्या का? परिचारिका आल्या का? नाही ना. म्हणून माझा पहिला नियम असा, की टीका माणसापासून वेगळी करून ऐकायची. प्रश्न कुणी विचारला हे विसरलात तरी चालेल, पण काय विचारला होता ते विसरू नका.

बरं, नांदेडचा प्रश्न पुढे नेला कुणी? मुंबई उच्च न्यायालयाने. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या मृत्यूंची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदं, निधी, औषधखरेदी यांवर सरकारकडून माहिती मागवली. पायऱ्यांवरच्या घोषणेपेक्षा हे कंटाळवाणं वाटतं, पण सरकारला आकडे द्यावे लागतात ते अशाच ठिकाणी.

बाजू बदलली की भाषणही बदलतं

आता थोडं मागे जाऊ, म्हणजे मी एकाच बाजूचं बोलतेय असं वाटणार नाही.

नोव्हेंबर २०२१. एसटी कर्मचाऱ्यांचा संप. मागणी होती महामंडळाच्या राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाची. सत्तेत महाविकास आघाडी, विरोधात भाजप. भाजपचे नेते आझाद मैदानावर कर्मचाऱ्यांसोबत बसले, विलीनीकरणाच्या बाजूने जोरदार बोलले. सरकारने पगारवाढ जाहीर केली, पण विलीनीकरण शक्य नाही असाच निष्कर्ष मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने काढला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. पाच-सहा महिने गावातल्या पोरी कॉलेजला कशा गेल्या, ते त्यांनाच विचारा.

जून २०२२ मध्ये सरकार बदललं. विलीनीकरणाच्या बाजूने बोलणारे सत्तेत आले. आणि विलीनीकरण? ते काही झालं नाही. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आला, महिलांना अर्धं तिकीट आलं. आमच्या आजीला त्याचा फायदा झाला, हे मान्य केलंच पाहिजे. पण ज्या मागणीसाठी मैदान भरलं होतं, ती मागणी भाषणांतून हळूच गायब झाली.

म्हणून दुसरा नियम. टीका ऐकताना लगेच विचारायचं, “तुम्ही आलात तर नेमकं काय कराल, आणि पैसा कुठून आणाल?” याचं उत्तर नसेल तर ती टीका फक्त खुर्ची मिळेपर्यंतच टिकते.

टीकेला यश येतं तेव्हा

आता स्पर्धा परीक्षावाल्या मित्रमैत्रिणींसाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये एक शासन निर्णय आला, ज्याला आपण जीआर म्हणतो. नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामासाठी कंत्राटी मनुष्यबळ घ्यायचं, असा त्याचा आशय. अभ्यासिकांमध्ये वणवा पेटला. पुण्यातल्या सदाशिव पेठेत खोली घेऊन चार-चार वर्षं अभ्यास करणाऱ्या पोरांना वाटलं, आता जागाच निघणार नाहीत. ठिकठिकाणी मोर्चे निघाले, विरोधी पक्षांनी मुद्दा उचलून धरला.

२० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषद घेऊन तो निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर केलं. पण त्याच वेळी त्यांनी जुने कागदही बाहेर काढले. कंत्राटी भरतीची सुरुवात २००३ मध्ये काँग्रेस आघाडीच्या काळात झाली आणि या संस्था नेमण्याची प्रक्रिया ठाकरे सरकारच्या काळात सुरू झाली, असं सांगून त्यांनी विरोधकांनीच माफी मागावी, अशी मागणी केली.

म्हणजे बघा, विरोधकांची टीका खरी होती, कारण जीआर रद्द झाला. आणि सरकारचं उत्तरही खरं होतं, कारण मुळं जुनीच होती. अंशतः खरे आहे! पण यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इथे टीकेला यश आलं, कारण बोट एका ठरावीक कागदावर होतं. ‘बेरोजगारी वाढली’ असं म्हटलं तर सरकार दहा आकडे तोंडावर फेकतं. ‘या तारखेचा हा निर्णय मागे घ्या’ म्हटलं तर हो किंवा नाही, एवढंच म्हणता येतं.

तरी सावध राहा. जीआर रद्द झाला म्हणून कायम पदं आपोआप भरली जात नाहीत. नको ते थांबवणं आणि हवं ते घडवणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकली की मोर्चा पांगतो, दुसरी तिथेच पडून राहते.

कागद आला, पण विचारणारे कमी झाले

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सेवांवरचा अहवाल पटलावर आला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची २९ टक्के कमतरता, असं त्यात नोंदवलंय. वैद्यकीय शिक्षण विभागात, म्हणजे नांदेडसारखी रुग्णालयं ज्याच्याकडे आहेत तिथे, हेच आकडे ३७, ३५ आणि ४४ टक्के.

हा अहवाल कुठल्या काळाचा माहितीय? २०१६-१७ ते २०२१-२२. त्यात फडणवीसांचं सरकारही येतं आणि ठाकऱ्यांचंही. पायऱ्यांवर कुणीही तो हातात धरून नाचवला असता, तरी त्याची काही पानं स्वतःच्याच अंगावर आली असती. कदाचित म्हणूनच तो व्हायरल झाला नाही. दोघांनाही तितकाच गैरसोयीचा!

आणि वेळ बघा. त्याच्या एकच महिना आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचा निकाल लागला होता. २८८ पैकी महायुतीला २३० जागा. विरोधकांत शिवसेना (ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरद पवार) १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात, असा संकेत पुढे केला गेला. तेवढे कुठल्याच विरोधी पक्षाकडे नव्हते. आकडा गाठला नाही म्हणून विधानसभेतली ती खुर्ची निकालानंतर रिकामीच राहिली.

सरकारला प्रश्न विचारायला इतका भक्कम कागद हाती आला आणि नेमके तेव्हाच विचारणारे सगळ्यात कमी होते. यात मतदारांची चूक नाही, मत द्यायचा हक्क त्यांचा. पण एक हिशेब लक्षात ठेवू या. विरोधी पक्ष आवडत नसला तरी प्रश्न विचारायला सभागृहात कोणीतरी लागतंच. तोही कमी पडत असेल तर ते काम थोडं थोडं आपल्या वाट्याला येतं.

मग आपण काय करायचं?

पुढच्या वेळी रील आलं की हे चार प्रश्न विचारून बघा. एक, हे काम नेमकं कुठल्या खात्याचं? दोन, दिलेला आकडा कुठल्या काळाचा, आणि तेव्हा सत्तेत कोण होतं? तीन, मागणी कुठल्या ठरावीक कागदावर, पदावर किंवा रकमेवर आहे की नुसतीच ‘व्हेंटिलेटरवर’ आहे? चार, सहा महिन्यांपूर्वी याच नेत्याने जी टीका केली होती, तिचं पुढे काय झालं?

हाच चाळणीचा नियम सरकारच्या उत्तरालाही लावा. “तुमच्या काळात काय होतं?” हा सरकारचा प्रतिप्रश्न आहे, त्याला उत्तर समजू नका. मागचं सरकार वाईट होतं म्हणून आजच्या खिडकीवर गोळी मिळत नाही.

शेवटी आजीच्या चिठ्ठीचं सांगते. मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. त्यात एकही आरोप नाही, दोनच प्रश्न : ही दोन औषधं त्या महिन्यात साठ्यात होती का, आणि नसतील तर मागणी कधी केली होती? अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. औषधं साठ्यात नव्हती. मागणीपत्र पाच महिने आधीच गेलं होतं. पुरवठा ‘अप्राप्त’.

म्हणजे खिडकीवरच्या माणसाचा दोष नव्हता, तपासणाऱ्या डॉक्टरांचाही नव्हता. गोळी त्यांच्या वर कुठेतरी अडकली होती. ते उत्तर मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन दिलं आणि सांगितलं, याच्यावर प्रश्न विचारा. आमदार कुठल्या पक्षाचे, ते मुद्दाम सांगत नाही. अर्जाची पोच घेतलीय, अजून वाट बघतेय.

आजीला वाचून दाखवलं. ‘अप्राप्त’ म्हणजे काय, विचारलं तिने. म्हटलं, “आलंच नाही.” ती म्हणाली, “मंग तसं लिवायचं की सरळ.”

तुमच्या तालुक्यातही अशी एखादी चिठ्ठी असेल, तर फोटो काढून ठेवा, तारीख दिसू द्या. पुढच्या भागात तो अर्ज कसा लिहायचा, ते शब्दाशब्दाने सांगते. तोवर ऐकत राहा, आणि जमलं तर घरच्या आजीला, मावशीलाही ऐकवा. भेटू!